आरसे उतरवून या

सैफुद्दीनभाईंनी लिफाफ्यातून फोटो काढला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि ते हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. माणूस सज्जन. वाशीममधला त्यांचा स्टुडिओ जुना, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाचं रीळ धुता धुता ते चार गोष्टी समजावूनही सांगायचे. पण त्या दिवशी ते हसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फोटो माझ्या आईचा होता. म्हणजे असायला हवा होता. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत दिवस मावळल्यावर तिला देवळामागे एका झाडाखाली उभी करून मी तो कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशने काढला होता. फोटोत आईच्या जागी पांढरे भगभगीत गोळे होते. छातीवर, दंडांवर, खांद्यांवर, ओढणीच्या काठाने कपाळापर्यंत. तिच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आणि ओढणीवर जेवढे आरसे टाचलेले होते तेवढ्यांनी फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात परत फेकला होता, आणि त्यांच्यामधला चेहरा त्या झगमगाटात वाहून गेला होता. हनुवटी तेवढी उरली होती. त्या हनुवटीवरचं गोंदण मी ओळखलं, म्हणून ती माझी आई.

“बंदुकीच्या गोया लागल्यावानी दिसते,” सैफुद्दीनभाई म्हणाले. “गुलाबभाऊ, बुरा नका मानू. लमाणाच्या बाईचा फोटो असा निघतच नाही. आरशे उतरवून आना. कपड्याची फिकीर नाही, साडी हाये इथं.”

साडी होती. पडद्याच्या आत खुंटीला कायम लटकलेली असे, हिरवी, जरीच्या काठाची. तांड्यांवरच्या बाया फोटो काढायला आल्या की पडद्यामागे जाऊन स्वतःचं सगळं उतरवायच्या आणि ती गुंडाळून बाहेर यायच्या. दुकानाच्या दर्शनी कपाटात शेजारच्या तांड्यावरच्या मोतीबाईचा फोटो होता, त्याच साडीतला. मोतीबाई कपाळापर्यंत पदर ओढून बसली होती आणि कुणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला आल्यासारखी अवघडून बघत होती. तिच्या घरच्यांनी तो फोटो कौतुकाने भिंतीवर लावला होता. आम्हाला कौतुक करायलाही असलंच काहीतरी मिळतं, असं माझ्या मनात आलं आणि मग सैफुद्दीनभाईंचा, मोतीबाईचा, त्या खुंटीचा, सगळ्यांचाच राग आला. मी फोटो खिशात घातला आणि बाहेर आलो. चैत्राचं ऊन रस्त्यावर मी म्हणत होतं. जिनिंगमधून कापसाच्या गाड्या निघाल्या होत्या, आणि मला तिथे जाऊन वजनकाट्यापाशी बसायचं होतं, कारण मी तिथला कारकून होतो. मी गेलो. बसलो. बैल, गाडीवान, हेडक्लार्क, सगळ्यांच्या अंगावर मला पांढरे गोळे दिसत राहिले.

याच दुकानात मी आईला यात्रेच्या आधी आणलं होतं. ती बाकावर बसली, पाय वर घेऊन, घरी बसते तशी. सैफुद्दीनभाईंनी अदबीने पडद्याकडे हात केला. तिने पडदा बाजूला सारून साडी पाहिली, काठ बोटांत धरून पाहिला, आणि परत येऊन माझ्याशी बोलली, त्यांच्याशी नाही. “आरशे उतरवले तं फोटो कोनाचा निघन?” मी म्हटलं, “याडी, चेहरा तं तुयाच राहीन ना.” ती म्हणाली, “चेहरा तं मी मेल्यावरबी राहीन काही वेळ.” आणि उठली. तिच्याबरोबर तिचा आवाज उठला, केसांतल्या चांदीच्या घुगऱ्यांचा, पैंजणांचा, दंडभर भरलेल्या पांढऱ्या बांगड्यांचा, बलियांचा. त्या आवाजाने मला शाळेतले दिवस आठवले. वाशीमला शिकायला ठेवलेलं असताना ती मला भेटायला यायची आणि ती वळणावर असतानाच पोरांना कळायचं. लमाणीण आली, लमाणीण आली. एका पोराचा पुढचा दात मी पाडला होता. मास्तरांनी मारलं, आणि माराने हात सुजलेला असताना आईने दिलेला लाडू मी डाव्या हाताने खाल्ला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो दात पाडण्याच्याच लायकीचा होता.

फोटोची घाई आईला होती आणि तिने ती लपवली नव्हती. बा पौषापासून खाटेवर होता. खोकला आत कुठेतरी रुतून बसला होता. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि पुढचं माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघितलं. त्या संध्याकाळी तांड्यावर चुलीपाशी आई म्हणाली, “बा हाय तवर माह्या एक फोटो काढ. सगळ्या साजातला. थो गेला का हे सारं उतरते.” इतकं सरळ. घुगरी-टोपली केसांतून निघते, बलिया दंडातून निघतात, आरशांची कांचळी पेटीत जाते आणि बाई साध्या कपड्यात उरलेलं आयुष्य काढते. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून कुणी बोलून दाखवत नाही. मी ओरडलो तिच्यावर. असं अभद्र बोलायला तुला लाज कशी वाटत नाही, म्हणालो. तिने भाकरी उलटली. “मले कायची लाज? अंगावर घालाले त्यानं आणलं. माह्या अंगावरून कोनीबी ओढून न्यावं आन कुठं दिसूबी नये?” खाटेवरून बा खोकला आणि त्या खोकल्यात हसला. “काढ रे,” तो म्हणाला. “नाई तं तिचं तोंड बंद नाही होत.”

यात्रेतला फोटो मी तिला दाखवला तेव्हा ती काही वेळ त्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही साडीला तयार होईल. सगळेच शेवटी होतात. ती म्हणाली, “हे तं माह्ये आरशेच दिसून राह्यले. मी कुठं गेली?” आणि मग, “आता घरीच काढ. त्याच्यासंगं. पन दोघंबी दिसले पायजे.” घरात, म्हणजे मातीच्या भिंतींच्या, एका दाराच्या, धुराने काळ्या पडलेल्या झोपडीत, जिथे भर दुपारीही कॅमेऱ्याला काही दिसत नाही. फ्लॅशशिवाय निघणार नाही आणि फ्लॅशने आई निघणार नाही. हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. तिच्या लेखी माझं काम मी करायचं होतं, जसं तिचं तिने केलं होतं.

वाशीमच्या खोलीत त्या विचाराने मला पछाडलं. कॅमेरा जुना, डब्याच्या आकाराचा, बदलीवर निघालेल्या एका पोस्टमास्तरकडून घेतलेला. त्याच्या डोक्यावर फ्लॅशची वाटी बसवायची, वाटीत बल्ब. हा बल्ब एकदाच पेटतो. डोळे दिपवतो, आतून दुधासारखा होतो आणि मेला. माझ्या मिळकतीच्या माणसाने त्याच्याशी खेळू नये. नवीन, लांब तारेच्या फ्लॅशचं सामान नागपूर-मुंबईकडे मिळतं असं सैफुद्दीनभाई सांगत. ते मला मिळणार नव्हतं, आणि मिळालं असतं तरी ते वापरून करायचं काय हे मला तोवर कळलेलं नव्हतं. मग एका दुपारी खोलीच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली आणि भिंतीला टेकवलेल्या दाढीच्या आरशावर पडली. समोरच्या भिंतीवर एक कवडसा थरथरत उभा राहिला. मी तो बघत राहिलो आणि लहान झालो. आमच्या झोपडीच्या दारात ऊन यायचं त्या वेळी आई उंबऱ्याशी कशिदा भरत बसायची आणि तिच्या अंगावरचे आरसे आतल्या अंधाऱ्या भिंतीवर ठिपके उधळायचे. मी ते पकडायला धावायचो. हाताखाली धरला म्हणेपर्यंत ती सुईवरची नजर न हलवता खांदा एवढासा फिरवायची आणि ठिपका वर छपराला जाऊन बसायचा. मी रडकुंडीला यायचो. बा म्हणायचा, “कायले त्रास देतं पोराले.” पण त्या खेळात मला एक गोष्ट कळली होती. ऊन दारातून आलं की ठिपके दारात सहसा पडत नसत. ते आतल्या भिंतीवर पडत. आई दाराकडे सरळ तोंड करून बसली तरच ते दारातून बाहेर उडत.

म्हणजे आरशांचा दोष नव्हता. उजेड ज्या ठिकाणाहून येत होता त्याच ठिकाणी मी डोळा ठेवून उभा होतो, दोष तो होता. उजेडाने एकीकडून यावं आणि कॅमेऱ्याने दुसरीकडून बघावं. इतकी साधी गोष्ट. तरी सगळे त्या बाईलाच सांगत होते, तू उतरव. मला इतका आनंद झाला आणि इतका संताप आला, की मी खोलीत एकटाच शिव्या देत हिंडलो.

पुढचं काम हाताचं होतं. फ्लॅशची वाटी मोडून बल्बची बैठक सोडवली. दारावरच्या घंटीला असते तसली जोडतार विजेच्या दुकानात मिळाली. तिचं एक टोक बैठकीला डाग देऊन जोडलं, दुसरं दोन सेलांच्या हातातल्या बॅटरीला, हवं तेव्हा सोडता येईल असं. एक तार पक्की, एक मोकळी. मोकळी टेकवली की बल्ब पेटणार. मागे परावर्तनासाठी जर्मनचं ताट, घासून चकचकीत केलेलं, मध्ये भोक पाडून त्यात बल्ब बसवलेला. आता कॅमेऱ्याला कळणार कसं की बल्ब कधी पेटला? कॅमेऱ्याला कळायची गरजच नव्हती. माझ्या डब्याला एक खिट्टी होती, ती ओढून धरली की डोळा उघडा राहायचा, सोडली की मिटायचा. अंधारात उघडा डोळा काही पाहत नाही. म्हणून खोली अंधारी करायची, खिट्टी ओढायची, तार टेकवायची, खिट्टी सोडायची. जे काही दिसेल ते त्या एका भडक्यात. पहिला बल्ब माझ्या वेंधळेपणाने हातातच पेटला आणि बोटं भाजली. दुसऱ्याला मी घाबरून खिट्टी आधीच सोडली. शेवटचा एक उरला. तो मी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि रविवारची वाट बघू लागलो.

रविवार यायच्या आधी उदयसिंग आला. माझा चुलतभाऊ, लखीरामकाकांचा. जिनिंगच्या फाटकात सायकल धरून उभा होता. “चाल,” म्हणाला. “तुया बाचं काही खरं नाई.” मी ट्रंकेतलं सामान पिशवीत भरलं. का भरलं, हे मी स्वतःला विचारलं नाही. शेलूबाजारपर्यंत मोटार, टपावर सायकल, तिथून आत पायवाट. वाटभर पिशवीतलं ताट गुडघ्यावर आपटत होतं आणि उदयसिंग मान वळवून पाहत होता, हा माणूस बापाला भेटायला ताट घेऊन कायले चालला असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं जिवावर येत होतं. मला बाची आठवण यायला हवी होती. मला आठवत होती ती खिट्टी, आणि ती कुठल्या बोटाने ओढायची ते.

निंबाखाली पुरुष बसलेले दिसले आणि मला कळलं. लखीरामकाका उठून आले, खांद्यावर हात ठेवला. “उशीर झाला, बेटा. सकायीच गेला.” मी पिशवी खाली ठेवली. काय वाटलं ते सांगतो: दुःख झालंच, पण त्याच्या आधी, एका क्षणासाठी, मला बाचा राग आला. थोडा थांबला असतास तर. मग मी तिथेच धुळीत बसलो. आतून बायांचा रडण्याचा आवाज येत होता, आमच्या बाया गळ्यात गळा घालून सूर धरून रडतात तसा. त्यात एक आवाज नव्हता. तो कोणाचा ते मला उठून आत गेल्यावर दिसलं. आई खाटेवर बाच्या उशाशी बसली होती. कोरडी. घुगरी-टोपली, बलिया, सगळ्या आरशांची कांचळी, सणाला घालते तसा फेट्या, म्हणजे घागरा. तिने सकाळी उठून घातलं होतं की काल रात्रीपासून अंगावर होतं, कोण जाणे. तांड्यावरची सगळ्यांत जुनी बाई नानीबाई तिच्यासमोर हात पसरून उभी होती.

“मशीन आनली?” आईने विचारलं.

मी मान हलवली.

“मंग काढ.”

“हिरी, येडी झाली का तू?” नानीबाई म्हणाली. “गेला थो. आता कायचा साज? आन इकडं हात.”

“गेला हे मले सांगतं? सकायपासून मीच बसली त्याच्यापाशी. हे त्यानं घातलं होतं मले, तुमी नाई. फोटो निघू द्या, मंग मीच उतरवीन.”

लखीरामकाका दारात आले होते. “मुडद्याचा फोटो काढतं, गुलाब? सारा तांडा थुकन आपल्यावर. खाली घ्या त्याले, उशीर होऊन राह्यला.”

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, विनवत नव्हती. मी नाही म्हणालो असतो तर तिने हात पुढे केले असते आणि पुढे आयुष्यभर मला एक शब्द बोलली नसती. मला ते परवडणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी आता हट्टाला पेटलो होतो. सैफुद्दीनभाईंची खुंटी, शाळेच्या वळणावरचा ओरडा, आणि आता आपलीच माणसं, तोच शब्द घेऊन उभी. उतरव. “थुकू द्या, काका,” मी म्हटलं. “धुऊन घेईन मी. दार लावतो आता. ज्याले बाहेर जायचं त्यानं जा.” काका बाहेर गेले. मग त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं, बाहेरून.

आतल्या अंधारात नानीबाई राहिली. बाकीच्या बाया भिंतीशी गप्प झाल्या. मी उखळ पालथं घालून त्यावर कॅमेरा ठेवला. बाचं डोकं वाकळेच्या गुंडाळीवर वर घेतलं. ते अजून वळत होतं. त्याची दाढी वाढली होती आणि ती माझ्या मनगटाला टोचली, लहानपणी टोचायची तशीच, आणि तेव्हा मला रडू आलं. रडतच मी ताटात बल्ब बसवला. बॅटरी घेऊन डाव्या भिंतीशी गेलो, जिथे ताट धरायचं होतं तिथून तिचा झोत आईवर टाकला, आणि उदयसिंगला बोलावून तो झोत धरायला लावून मी कॅमेऱ्यामागे जाऊन बसलो. आरसे काळे दिसत होते. एक सोडून सगळे. उजव्या खांद्यावरचा एक माझ्या डोळ्यात घुसत होता. “याडी, खांदा,” मी म्हटलं. तिने एवढासा खांदा फिरवला. तसाच. नजर न हलवता. तो ठिपका माझ्या डोळ्यातून निघाला आणि अंधारात कुठेतरी जाऊन बसला.

मग अडचण लक्षात आली. झोताची बॅटरी तारांना हवी होती आणि ताट धरायला उंचावर कुणीतरी हवं होतं. उदयसिंगने बॅटरी माझ्या हातात दिली. “मले नाई जमत,” म्हणून तो दार ओढून घेत बाहेर गेला.

“नानी,” आई म्हणाली, “ताट धर.”

“मी नाई धरत असलं पाप.”

“धर वं.”

नानीबाई पुटपुटत डाव्या भिंतीशी आली. माझ्या हातातून ताट घेतलं, डोक्याच्या वर धरलं आणि डोळे गच्च मिटले. मी बॅटरी विझवून तारांना जोडली आणि कॅमेऱ्यामागे गेलो. पूर्ण अंधार झाला. माझ्या एका हाताचं बोट खिट्टीवर, दुसऱ्यात मोकळी तार. मला बाचा श्वास ऐकू येतो का म्हणून मी थांबलो. इतकी वर्षं त्या झोपडीत अंधार झाला की तो ऐकू यायचा. खिट्टी ओढली. तार टेकवली. एक फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि झोपडी होती तशी, सगळीच्या सगळी, दिसली. शिंकं, मडकी, भिंतीच्या भेगा, बायांचे पदर. आई सरळ बसलेली, बा तिच्याशेजारी. खिट्टी सोडली. मग डोळ्यांपुढे नुसतं हिरवं.

“निघाला?”

“निघाला.”

दार उघडलं तेव्हा तिचे हात केसांत गेलेले होते. घुगरी, टोपली, मग बलिया, एकेक, कोपरावरून ओढताना कातडी लाल होत होती आणि तिने कुणाला मदत करू दिली नाही. सगळं बाच्या छातीवर ठेवलं. मग ती रडली. सगळ्या बायांचा आवाज बुडाला इतक्या मोठ्याने.

तेरवी झाल्यावर मी वाशीमला आलो आणि रीळ सैफुद्दीनभाईंना दिलं. फोटो देताना ते हसले नाहीत. काउंटरवर ठेवून स्वतःच बराच वेळ बघत राहिले. आईचा चेहरा गोंदणासकट, नजरेसकट होता. आरसे अंगावर शांत होते, प्रत्येकाची किनार वेगळी दिसत होती. “लाईट कुठून मारली?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तार, ताट, खिट्टी, सगळं सांगितलं, मला लपवायचं काही नव्हतं. “अल्ला,” ते म्हणाले. “आन हे वालिद? झोपले होते का?” मी म्हटलं, गेले होते. त्यांनी मान खाली घातली. मग, मला काहीतरी द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं असावं, त्यांनी पेन्सिल उचलली. “त्यांच्या चेहऱ्यावर हे उजेडाचे डाग पडले. इथं, गालावर, कपाळावर. आरशांचेच असतीन. बारीक काम हाये, पन भरून देतो मी. तुमच्याकडून काही नको.”

“हात लावायचा नाही,” मी म्हणालो. आवाज चढला होता. दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. सैफुद्दीनभाईंनी पेन्सिल ठेवली. मग एक प्रत दर्शनी कपाटात लावू का, असं विचारलं. मी म्हटलं, लावा, पण आधी ती हिरवी साडी खुंटीवरून काढा. ते आत गेले, आणि पडद्याच्या कड्या वाजल्या.

तांड्यावर आई अंगणात बसली होती, साध्या कपड्यात, उघड्या दंडांनी. जिथे बलिया होत्या तिथली कातडी अजून फिकी होती. लखीरामकाका निंबाखालून बघत होते, पण उठले नाहीत. तिने फोटो दोन्ही हातांत धरला. स्वतःकडे फारसं पाहिलं नाही. बाच्या चेहऱ्यावर ते ठिपके होते, मिटलेल्या पापणीवर, गालावर, दाढीत. तिने त्या प्रत्येकावर बोट ठेवलं. “हा खांद्यावरचा,” ती म्हणाली. “हा बाहीवरचा.” मग मान वर करून काकांकडे, नानीबाईकडे, सगळ्या अंगणाकडे बघितलं.

“त्याच्या तोंडावर हायेत थे,” ती म्हणाली. “आता कोन उतरवते पाहू.”